सॉफ्टवेअरचं गाईड लिहिताय? मग एकदा शेजारी गप्प बसून बघा

मी दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरची गाईडं लिहितो. सुरुवातीला माझ्या गाईडचं पहिलं पान काय असायचं, तर कंपनीचा परिचय, मग वैशिष्ट्यं, मग लॉगिनचा स्क्रीनशॉट. कोण वाचणार ते? समोर गिऱ्हाईक उभंय, बिल छापलं जात नाहीये, तेव्हा माणूस गाईड उघडतो.

म्हणून आधी अनुक्रमणिका बदला. 'प्रिंटर सेटिंग्ज' नको, 'बिल प्रिंट होत नाहीये' असं लिहा, 'चुकीचं बिल रद्द कसं करायचं' असं लिहा. सपोर्टचे फोन घेणाऱ्या पोरांना विचारा की रोज तेच तेच काय ऐकता, झाली तुमची पहिली पाच पानं.

स्टेप लिहिताना कुठे ते आधी आणि काय करायचं ते शेवटी, म्हणजे 'रिपोर्ट्समध्ये जाऊन डे बुक उघडा'. मराठीत क्रियापद तसंही शेवटीच येतं, इंग्रजी गाईड समोर ठेवून भाषांतर करायला गेलं की सगळं उलटं होतं. आणि बटणावर जे आहे तेच लिहा, स्क्रीनवर 'सेव्ह' असताना तुम्ही 'जतन करा' लिहिलं तर माणूस जतन शोधत बसतो. एरर मेसेज पण अक्षर न अक्षर तसाच टाका, लोक तोच सर्च करतात.

आता माझा गाढवपणा सांगतो. बॅकअप रिस्टोअरच्या पानावर सहावी स्टेप 'रिस्टोअर दाबा' आणि त्याच्या खाली ठळक अक्षरात टीप, की आधी आजचा बॅकअप घ्या नाहीतर आजची बिलं जातील. एका मेडिकलवाल्या काकांनी टीप वाचली तोवर दिवसभराची बिलं उडालेली. फोनवर म्हणाले, "अहो, हे वर लिहायला काय झालं होतं?" काय बोलणार! आता ती टीप नाही, पहिली स्टेपच आहे.

लिहून झालं की ज्याने ते सॉफ्टवेअर कधी पाहिलं नाही अशा कुणाला तरी बसवा आणि तुम्ही तोंड उघडायचं नाही (हे फार जड जातं). आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी 'एंटर दाबा' वाचलं आणि माऊस फिरवत स्क्रीनवर एंटर नावाचं बटण शोधत राहिल्या, मी आपला ओठ दाबून बसलेलो. ती ओळ आता 'कीबोर्डवरचं एंटर दाबा' अशी आहे. हात जिथे थांबतो ती ओळ बदला, समजावून सांगू नका, कारण गाईडसोबत तुम्ही दुकानात जाणार नाही.

सॉफ्टवेअरला काय जमत नाही तेही लिहा. सेल्सवाले कुरकुरतील, पण युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येसुद्धा कमांडच्या पानावर 'बग्ज' (म्हणजे माहीत असलेल्या चुका) असा वेगळा भाग होता.

स्क्रीनशॉट मोजकेच टाका, दर अपडेटला ते बदलत बसायला लागतात. आणि गाईड कुठल्या व्हर्जनचं आहे ते पहिल्याच पानावर टाका, नाहीतर लोक जुनं गाईड घेऊन नवीन स्क्रीनवर बटणं शोधतात आणि फोन तुम्हालाच येतो.