जुनी गाडी घेताना गंज कुठे बघायचा आणि पैसे किती तोडायचे

"मालक, सोलापूरची गाडी आहे, गंजाचा विषयच नाही." जुनी गाडी बघायला गेलं की एजंटचं हे पहिलं वाक्य, आणि ते अर्धंच खरं. इथे वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, समुद्राची खारी हवा नाही, म्हणून बाहेरचा पत्रा बरा राहतो. पण एप्रिल-मेच्या उन्हात दाराची आणि डिकीची रबर बिडिंग कडक होऊन चिरते, आणि मृगाचं पहिलं पाणी त्या चिरेतून आत जातं. त्यात आपली काळी माती. मडगार्डच्या आतल्या काठावर तिचा लगदा बसतो, वरून सुकतो आणि पत्र्याच्या बाजूला कितीतरी दिवस ओलाच राहतो. त्यामुळे इथल्या गाडीचा गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगा दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं.

दुसरं म्हणजे, नंबर एमएच-१३ आहे म्हणून गाडी इथेच वाढली असं धरू नका. सोलापुरात पासिंग करून पनवेलला किंवा ठाण्याला नोकरीवर नेलेल्या गाड्या थोड्या नाहीत. उलट एमएच-४३ (नवी मुंबई) किंवा एमएच-०८ (रत्नागिरी) ची गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली तर नंबर तोच राहतो. गाडी कुठे राहिली हे कागद सांगतात: सर्व्हिसच्या बिलांवरचं गाव, पीयूसी कुठल्या केंद्राची आहे, आणि सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे ई-चलन. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलनांची यादी येते. सगळी चलनं वाशी-बेलापूरची असतील तर गाडी खाऱ्या हवेत राहिली आहे, मग मालक काही म्हणो.

बघायला जाताना

सकाळी आठ-नऊच्या उजेडात जा. दुपारी पत्रा इतका तापतो की हात ठेवता येत नाही, आणि संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली रंगाचा फरक कळत नाही. गाडी धुऊन ठेवू नका असं आदल्या दिवशी सांगा, कारण ओल्या रंगावर ओरखडे आणि लाटा लपतात. सोबत चांगला टॉर्च, एक पातळ चपटं चुंबक सुती फडक्यात गुंडाळून, एक प्लॅस्टिकची केबल टाय, जाड हातमोजे आणि खाली झोपायला पोतं घ्या. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो. २०० च्या वर गेला तर रंग पुन्हा मारलाय आणि ३०० च्या पुढे आकडा उड्या मारायला लागला की खाली पुट्टी आहे. यंत्र नसेल तर चुंबक. दाराच्या मधोमध आणि मग खालच्या चार बोटांच्या पट्टीवर लावा. वर चिकटतं आणि खाली घसरतं, म्हणजे खाली पुट्टी भरलीय. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे चुंबक लावून दचकू नका.

कुठे बघायचं

दाराच्या खालच्या काठापासून सुरुवात करा. प्रत्येक दाराच्या तळाला पाणी निघायला दोन-तीन खाचा असतात. काचेवरून पावसाचं पाणी दारात उतरणारच, ते या खाचांतून बाहेर पडायला हवं. धूळ आणि काळी माती साचून खाचा बुजल्या की दार आतून बादलीसारखं भरतं. मालकाला विचारून काचेच्या बाहेरच्या कडेशी अर्धा तांब्या पाणी ओता. काही सेकंदांत खालून धार आली पाहिजे. आली नाही तर केबल टाय खाचेत घालून फिरवा. काळा चिखल आला तर वेळेत सापडलं, तांबडा चुरा आला तर ते दार आतून गेलंय. मग काठाची दुमड अंगठ्याने दाबून बघा. कुरकुर आवाज झाला किंवा रंगाची पापडी हलली, तर ते फक्त टचअपने निभणार नाही. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान कित्येक पटीने वाढतं, म्हणून रंग फुगतो. बाहेर नाण्याएवढा फुगा असेल तर आत तळहाताएवढी जागा खराब आहे असं धरूनच हिशेब करा.

मग डिकी. हिच्यावर घाई करू नका. गालिचा पूर्ण उचला, स्टेपनी बाहेर काढायला लावा. आपल्या जिल्ह्यात ऊस, द्राक्ष, डाळिंब आहे. शेतावर जाताना डिकीत खताचं एखादं पोतं टाकणं अगदी नेहमीचं. युरियासारखी खतं हवेतली ओल ओढून घेतात. स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला, दोन पत्रे जिथे जुळतात त्या शिवणीत, अडकलेले पांढरे दाणे आणि त्यांच्याभोवती ओलसर काळपट कडं दिसलं, तर तिथे पत्रा खालून पोखरायला लागलाय. खड्ड्याच्या तळाला एक रबरी बूच असतं, तेही काढून बघा. सीएनजीची गाडी असेल तर टाकी बसवण्यासाठी डिकीच्या तळाला भोकं पाडलेली असतात. कच्च्या भोकाला रंग किंवा सीलंट लावलेलं नसतं आणि गंज तिथूनच पसरतो. टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकी तपासणं) झाल्याची तारीखही तेव्हाच बघून घ्या.

बॉनेट उघडल्यावर इंजिनाकडे नंतर बघा, आधी बॅटरीखालचा ट्रे. ॲसिड ओघळलं असेल तर ट्रे खातं आणि त्याच्या खालची चेसिसची पट्टीही खातं. नंतर शॉकअपचे दोन्ही टॉवर: डावा-उजवा शेजारी ठेवल्यासारखे सारखे दिसायला हवेत. कंपनीचे स्पॉट वेल्ड म्हणजे एका ओळीतले गोल खळगे. ते गायब असून तिथे वेल्डिंगचा वेडावाकडा कणा किंवा ताजं सीलंट असेल, तर एप्रन (टॉवरला लागून असलेला इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा) बदललाय किंवा ठोकून सरळ केलाय.

पुढची काच बदललेली आहे का हेही बघा. बाकीच्या काचांवरच्या खुणेतलं साल एक आणि पुढच्या काचेवर वेगळंच असेल, तर जुनी काच काढताना चाकूने रंग खरवडला गेला असण्याची शक्यता मोठी. काचेच्या काठाला रबराखाली तांबूस रेघ त्यामुळेच येते. पुढच्या पायमॅटखाली, विशेषतः एसीच्या पाण्याची नळी असते त्या बाजूला, हात घालून दाबा. नळी तुंबली की पाणी बाहेर न जाता गालिच्यात मुरतं. उन्हाळ्यातही तिथे ओल लागली तर कारण हेच.

गाडीच्या खाली जाणं टाळू नका. जवळच्या गॅरेजच्या रॅम्पवर घ्या. तेवढा खर्च सोसावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र शरीर घालू नका. रनिंग बोर्डची खालची दुमड, मागच्या ॲक्सलचे माउंट, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, पेट्रोल टाकीचे पट्टे हे बघायचं. पेचकसाची मूठ हलकेच आपटत चला. टणक आवाज बदलून भद्द आला तिथे थांबा. खालून सगळं नवंकोरं काळं कोटिंग मारलेलं असेल तर ते आनंदाचं कारण नाही. विकायच्या आधी आठवड्यात मारलेलं कोटिंग गंज थांबवत नाही, झाकतं. आत अडकलेली ओल तशीच राहते. बरं, सायलेन्सर तांबडा दिसला किंवा धुतल्यानंतर ब्रेक डिस्कवर रात्रीत केशरी थर आला, तर त्यात काही नाही. यावरून हजार रुपये कमी मागणारा गिऱ्हाईक अनाडी ठरतो आणि पुढचं त्याचं कुणी ऐकत नाही.

पुरात बुडालेली गाडी वेगळी ओळखावी लागते. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरला, २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. अशा पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या गावात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेषा राहून जाते, तिथपर्यंत कुणी धूत नाही. सीटखालचे रूळ आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेले, वायरच्या जोडांवर हिरवट थर, आणि आत सुगंधी स्प्रेचा मारा, असं एकत्र दिसलं की पुढचं बोलणं नको.

कशाचे पैसे तोडायचे, कशावरून उठायचं

दार, बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचं मडगार्ड ही कातडी आहे; बदलता येते, म्हणून तिथला गंज घासाघीस करायला कामाचा. शॉकअपचा टॉवर, चेसिसच्या लांब पट्ट्या, मागच्या ॲक्सलचे माउंट, सीटबेल्ट जिथे बोल्टने धरलेला असतो ती जागा आणि भोक पडलेला रनिंग बोर्ड, ही हाडं. आजच्या छोट्या गाड्यांना वेगळी चेसिस नसते, बॉडीच सांगाडा असते. या हाडांचे पापुद्रे सुटले असतील तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. वेल्डिंग करून दिसायला नीट होईल, पण अलाइनमेंट टिकणार नाही आणि अपघातात तो भाग हवा तसा दबणार नाही.

किमतीसाठी आधी त्याच सालच्या, त्याच मॉडेल-व्हेरियंटच्या, त्याच इंधनाच्या आठ-दहा गाड्यांचे सोलापूर आणि पुण्यातले सांगितलेले भाव लिहून काढा. वरचे दोन आणि खालचे दोन खोडा, उरलेल्यांची सरासरी घ्या. ती सांगायची किंमत झाली, मिळायची नव्हे. त्यातून थोडं उतरूनच बोलणं सुरू होतं. विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, बघा, पण तिला भाव समजू नका. ती ठरावीक घसाऱ्याने निघते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के वजा. मागणी असलेली गाडी बाजारात त्याच्या वर जाते.

आता एक उदाहरण. समजा सरासरी ४,१०,००० निघाली आणि बोलणं ३,९०,००० वर आलं. दोन्ही मागच्या दारांचे खालचे काठ गेलेत, डेंटर-पेंटरने कापून, नवा पत्रा लावून, आतून मेण मारून १६,००० सांगितले. टायरवरचा चार आकडी कोड २३१९ आहे, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर बदलायचेच, संच १८,०००. बॅटरी ५,०००. एकूण ३९,००० वजा केले की ३,५१,०००. रंगकामाचा आकडा तोंडी नको, चिठ्ठीवर घ्या आणि तीच चिठ्ठी विकणाऱ्यापुढे ठेवा. नुसतं "दार गंजलंय" म्हटलं की तो दोन हजार सोडतो. चिठ्ठी दाखवली की मुद्द्यावर येतो. वरून रंग मारून देतो म्हणाला तर नको म्हणा. आतला गंज तसाच ठेवून मारलेला रंग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुगतो.

नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्तच येणार, तोही हिशेबात धरा. विजयपूरची केए-२८ किंवा कलबुर्गीची केए-३२ गाडी स्वस्त दिसते, कारण इथे कायमची ठेवायची तर एनओसी, नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. ती रक्कम आधी आरटीओत विचारून मगच किंमत बोला. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर पुढचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्याच डोक्यावर येईल.

इसार देताना पावतीवर गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे आकडे, ठरलेली किंमत आणि "रॅम्पवर तपासणी करून पसंत नसल्यास इसार परत" ही ओळ लिहून घ्या. फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे) वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा), हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा १४ दिवसांत नावावर करायला टाका, आणि गाडी घरी आली की त्याच रविवारी चारही दारांच्या खाचा केबल टायने मोकळ्या करून घ्या.