देशी बागेतली रिकामी जागा : पश्चिम मेलबर्नसाठी एप्रिल-मे महिन्यांचा सल्ला

उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियन देशी बागेतलं एखादं झुडूप वाळलं असेल, तर ती जागा भरायला हेच दिवस चांगले. उन्हाची तलखी ओसरली आहे, माती अजून कोमट आहे आणि पुढे हिवाळा येतोय. पुढचा उन्हाळा येईपर्यंत रोपाला मुळं पसरवायला सहा-सात महिने मिळतात. ऑगस्ट-सप्टेंबरातही लागवड होते, पण मग उन्हाळाभर पाइप हातात धरावा लागतो. नोव्हेंबरनंतर मात्र नको.

नर्सरीत जायच्या आधी मेलेलं झुडूप उपटून मुळं बघा. मुळं काळी, मऊ पडली असतील आणि वरची साल बोटांनी सहज निघत असेल, तर पाणी साचून मूळकूज झाली आहे. अशा जागी पुन्हा बँक्सिया किंवा ग्रेव्हिलियासारखं देशी झुडूप लावणं म्हणजे पैसे पाण्यात. मुळं अजूनही कुंडीच्याच आकारात गुंडाळलेली निघाली, तर दोष झाडाचा नाही, लागवडीचा. तीच जात पुन्हा लावायला हरकत नाही. आणि गेलेलं झाड जुनं वॅटल (आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड) असेल तर फार शोध घेऊ नका, बऱ्याच वॅटलचं आयुष्यच दहा-पंधरा वर्षांचं असतं. बुंधा जमिनीलगत कापा, मुळं मातीतच कुजू द्या. मात्र त्याच्या सावलीत वाढलेल्या झाडांवर आता थेट ऊन येणार, हे लक्षात ठेवून नवी निवड करा.

टार्नीट, वेरिबी, पॉइंट कुक या पट्ट्यातली माती बेसाल्टपासून झालेली, आपल्या दख्खनच्या काळ्या मातीची भावंडंच. हिवाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. शिवाय इकडे पाऊस शहराच्या पूर्व भागापेक्षा बराच कमी. एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर खड्ड्यात रोप लावू नका; माती चढवून वीत-सव्वा वीत उंचवटा करा आणि त्यावर लावा. मातीचं वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात न ढवळता ठेवा. भोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर माती चोपण (सोडियम जास्त असलेली) आहे, पिशवीवरच्या प्रमाणात जिप्सम मिसळा. खणायचं ते वाफसा आल्यावरच. ओली चिकणमाती खणली की खड्ड्याच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं बाहेर पडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खड्ड्यात शेणखत किंवा कोंबडीखताच्या गोळ्या घालू नका. रोप लावायचं तर घमेलंभर खत हवंच, हा आपला हात सहजासहजी आवरत नाही. पण ग्रेव्हिलिया, बँक्सिया, हाकिया ही मंडळी स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेल्या मातीत वाढलेली. त्यांची झुपकेदार बारीक मुळं स्फुरदाचा कण न् कण ओढून घेतात, आणि जास्त मिळालं तर तेच त्यांना बाधतं. नवी पानं पिवळी पडतात, जुन्यांची टोकं करपतात. पहिल्या वर्षी काहीच घातलं नाही तरी चालतं. घालायचंच असेल तर देशी झाडांसाठीचं, स्फुरद तीन टक्क्यांपेक्षा कमी असलेलं खत घ्या.

काय लावावं? जागा दीड-दोन मीटर रुंद असेल तर मधोमध कोरिया ग्लॅब्रा. हे झुडूप पश्चिमेकडच्या खडकाळ भागातलंच, कमरेएवढं ते छातीएवढं होतं आणि थंडीत, बाग सुनी असताना, घंटेसारखी फुलं देतं. त्यांच्यासाठी फुलांतला मध पिणारे हनीईटर पक्षी येतात. कुंपणालगत आडोसा हवा असेल तर वेस्ट्रिंजियाचं झुडूप, कात्री लावली की छान दाटतं. पाणी साचणारी कड असेल तर पोआ लाबिलार्डिएरी गवत किंवा गवतासारखा दिसणारा लोमँड्रा. नुसती जमीन झाकायची असेल तर मायोपोरम पार्व्हिफोलियम. चिकणमातीत टिकतं आणि एकच रोप मीटरभर पसरतं, म्हणून दाटीवाटीने लावू नका. उघड्या उन्हात कांगारू गवतही शोभतं. नर्सरीत फुललेला कांगारू पॉ मोह घालतो, पण जड मातीत तो फार टिकेल असं धरू नका. कूटामुंड्रा वॅटल तर टाळाच. ते न्यू साउथ वेल्सच्या एका छोट्या भागातलं असून व्हिक्टोरियात तणासारखं पसरतं. ‘देशी’ चिठ्ठी पाहून भुलू नका, कुठलं देशी ते विचारा.

मोठ्या कुंडीपेक्षा ट्यूबमधलं (लहान, अरुंद कुंडीतलं) बोटभर रोप घ्या. ते स्वस्त पडतं, लवकर रुजतं आणि दोन-तीन वर्षांत बहुधा मोठ्याला गाठतं. खालून मुळांचा गुंता बाहेर आलेलं घेऊ नका. लावण्याआधी रोप बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. कुंडीत होतं त्याच पातळीवर लावा, भोवती आळं करा आणि पाच-सात सेंटिमीटर जाड लाकडाच्या जाडसर तुकड्यांचं आच्छादन घाला, फक्त खोडापासून चार बोटं लांब.

हिवाळ्यात पाऊस असेल तर पाणी देऊ नका. पहिल्या डिसेंबर ते मार्चमध्ये आठवड्यातून एकदा, सकाळी, खोलवर मुरेल असं द्या. रोज शिंतोडे उडवले तर मुळं वरच्या वरच राहतात. ग्रेव्हिलिया ‘रॉबिन गॉर्डन’ लावणार असाल तर छाटणीच्या वेळी हातमोजे आणि लांब बाह्या घाला, तिच्यामुळे काही जणांच्या अंगावर पुरळ उठतं.