टूरिंग बाइकचा मागचा टायर बदलताना या चुका टाळा

“अजून एक पावसाळा निघेल की यावर!” मे महिन्यात कुठल्याही गॅरेजमध्ये दहा मिनिटं थांबा, हे वाक्य कानावर पडतंच. टायरचा मधला पट्टा सपाट झालेला असतो, कडेची नक्षी मात्र शाबूत असते. त्यामुळे स्टँडवर लावलेल्या गाडीचा टायर बघणाऱ्याला चांगलाच वाटतो. पण कोरड्या डांबरावर घासलेला टायरसुद्धा पकड देतो. नक्षीचं खरं काम पाणी बाजूला फेकायचं, म्हणजे ती लागते नेमकी पावसाळ्यातच. दोन-तीन हजार किलोमीटरचं आयुष्य उरलेला टायर ऑक्टोबरपर्यंत ओढायचा, आणि चार महिने ओल्या घाटात त्याच्यावर भरवसा ठेवायचा, ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. बदलायचाच आहे तर मेअखेरीस बदला.

टायर संपला की नाही हे टायरच सांगतो. नक्षीच्या खाचेत तळाशी रबराच्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात, आणि त्यांच्या रेषेत साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, बाण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं असतात. नक्षी त्या पट्टीच्या पातळीला आली की विषय संपला. कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर खोली लागते. मागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि खाली कोकणात उतरायचं असेल तर मी ०.८ ची वाट बघत नाही. मध्यभागी दोन मिलिमीटर उरले की बदलतो. खोली मोजायचं साधं गेज फार महाग नसतं, आणि ते नेहमी मध्यभागी लावायचं, कडेला नाही.

जाडीचा मोह

माझी गाडी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, आऱ्यांच्या चाकांची. कंपनीचा मागचा टायर १३०/७०-१८. पहिला टायर घासल्यावर मी दुकानात गेलो तेव्हा मालक म्हणाले, “दादा, एकशेतीस कशाला? एकशेचाळीस टाका, मागून गाडी भरलेली दिसते.” दिसायला खरंच भरलेली दिसली. मी १४०/७०-१८ टाकून घेतला.

आठवड्याभरात कराडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो. हा रस्ता माझ्या हाताखालचा आहे, कुठल्या वळणाला गाडी किती झुकवायची ते अंगात बसलंय. त्या दिवशी प्रत्येक वळणाला हँडल जास्त ढकलावं लागत होतं. एकामागून एक उलटसुलट वळणं आली की गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जायला आळस करायची. चिपळूणला चहाला थांबलो आणि सहज मागे वाकून बघितलं, तर साइडवॉलवर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा. मागे माणूस आणि सामान असताना टायर चेनगार्डच्या आतल्या कडेला घासत होता. एवढा भार नसता तर कदाचित महिनोन् महिने कळलंही नसतं.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. साइजमधला पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची, तिसरा रिमचा व्यास इंचात. १३०/७० ची भिंत ९१ मिलिमीटर, १४०/७० ची ९८. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि १८ इंची रिम धरली तर पहिल्याचा व्यास साधारण ६३९ मिलिमीटर भरतो, दुसऱ्याचा ६५३. चाक १४ मिलिमीटरने मोठं झालं, गाडीची मागची बाजू ७ मिलिमीटरने उचलली गेली आणि गिअरिंग दोन टक्क्यांनी लांबलं, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी तेवढी जास्त पुढे जायला लागली. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची तुलना करून काम करतं, त्याच्याही हिशेबात तेवढा फरक पडला. सगळं एका हौसेपायी.

रुंदीचा फायदाही हाती लागत नाही. रिम तीच राहते. जाड टायर अरुंद रिमवर बसवला की त्याच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि वरचा भाग जास्त गोल होतो. म्हणजे टायर जाड झाला तरी रस्त्याला टेकणारा भाग त्या मानाने वाढत नाही, आणि कडेचं बरंचसं रबर रस्त्याला लागतच नाही. प्रत्येक टायरला कोणत्या रुंदीची रिम चालते हे टायर कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते बघितल्याशिवाय साइज बदलू नका. कंपनीने दिलेल्या साइजवर सस्पेन्शन, गिअरिंग, एबीएस सगळं जुळवलेलं असतं. टूरिंगला तीच साइज ठेवावी असं माझं ठाम मत आहे. तो १४० मी चार हजार किलोमीटरवर काढून टाकला. पैसे गेले, पण पुढच्या वेळी घाटात गाडी पुन्हा माझी झाली.

साइजच्या पुढचे आकडे

साइज जुळली की बहुतेक जण पुढे वाचतच नाहीत. साइजनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा म्हणजे टायरला किती वजन पेलतं त्याचा कोड: ६३ म्हणजे २७२ किलो, ६६ म्हणजे ३०० किलो, ६९ म्हणजे ३२५ किलो. अक्षर वेगाचं: ‘पी’ १५०, ‘एस’ १८०, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४० किलोमीटर प्रतितास.

वेगाचं अक्षर बघून कुणी म्हणेल, आपण कुठे दोनशेने जातो? खरंय, पण टूरिंगमध्ये वजनाचा आकडा जीव वाचवतो. हिशेब मांडून बघा. दोनशे किलोची गाडी, ७५ चे तुम्ही, ६० किलोची सहप्रवासी, बॅगा आणि टॉप बॉक्स मिळून ३० किलो. झाले ३६५. सामान आणि मागचा माणूस दोन्ही मागच्या चाकाच्या जवळ असतात, त्यामुळे या वजनाचा मोठा वाटा मागचा टायरच उचलतो. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. जास्त आकडा चालतो.

साइजच्या मधे ‘आर’ असेल तर टायर रेडियल (आतले धागे आडवे), नुसती आडवी रेघ असेल तर बायस (धागे तिरके). दोघांची भिंत वेगळ्या पद्धतीने वाकते. पुढे एक आणि मागे दुसरा अशी जोडी काही गाड्यांना कंपनीच देते, तेव्हा ती तपासलेली असते. आपल्या मनाने अशी जोडी लावू नये.

‘नवा’ टायर किती जुना?

साइडवॉलवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे त्या वर्षीचा जून. काही टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला असतात, आणि बसवताना ती बाजू आत गेली तर नंतर वाकून शोधावं लागतं. म्हणून टायर चाकावर चढण्याआधी मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही बाजू बघून घ्या.

टूरिंग बाइकच्या साइज स्कूटरच्या टायरांसारख्या धडाधड खपत नाहीत. त्यामुळे लहान शहरातल्या दुकानात एखादा टायर वरच्या फळीवर दोन-तीन वर्षं पडून राहतो आणि मग ‘खास सवलतीत’ मिळतो. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर घ्यायला काहीच हरकत नाही. त्याहून जुना मी घेत नाही, कारण रबर पडूनही कडक होत जातं आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर पकडत नाही. वापरातल्या टायरला पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घ्यावा, आणि नक्षी कितीही उरली असली तरी दहा वर्षांच्या पुढे तो ठेवू नये.

मोठ्या बाइकसाठी वापरलेले आयात टायरही विकायला असतात. त्यांच्यावर टूरला जाऊ नका. आतून कुठे ठिगळ आहे, मागच्या मालकाने कमी हवेवर किती पळवला, हे बाहेरून कळत नाही.

लडाखसाठी म्हणून गट्ट्यांचा टायर

रॉयल एनफिल्डची हिमालयन घेतलेल्या कितीतरी मित्रांचं पहिलं स्वप्न लेह. मग पुण्यातूनच मोठ्या गट्ट्यांचा ऑफरोड टायर चढवून निघतात. पुणे ते लेह आणि परत म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या वर, आणि त्यातलं बहुतेक अंतर डांबर आणि काँक्रीट. राजस्थान-हरियाणाच्या तापलेल्या हायवेवर ते गट्टे मधोमध झिजतात, सतत घोंघावतात, आणि ओल्या डांबरावर टेकायला रबरच कमी असल्याने ब्रेकवर घसरतात. खरी कच्ची वाट येईपर्यंत मधले गट्टे अर्धे झालेले असतात. आपण वर्षभर खरोखर कुठे फिरतो ते बघून टायर घ्यावा. शंभरातले ऐंशी किलोमीटर डांबरावर असतील तर रस्त्याकडे झुकलेला ड्युअल-स्पोर्ट (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर पुरतो. नुसत्या हायवेवाल्याने मध्यभागी कडक आणि कडेला मऊ रबर असलेला टूरिंग टायर घ्यावा. सरळ रस्त्यावर तो टिकतो आणि वळणात धरतो.

ट्यूब आणि बसवणं

आऱ्यांच्या चाकात ट्यूब असते, आणि तिथे लोक हमखास पैसे वाचवतात. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते; नव्या टायरमध्ये तिची घडी पडते आणि घडीवर ती फाटते. नव्या टायरला त्याच साइजची नवी ट्यूब घ्या. रिमच्या आतली रबरी पट्टी बघा, आऱ्याचं टोक वर आलेलं असेल तर घासून घ्या, ट्यूबला शंखजिऱ्याची पावडर लावायला सांगा. व्हॉल्व्हच्या नटबद्दल फार कमी जण सांगतात: तो रिमला आवळून ठेवू नका, वर टोपणाला टेकवून ठेवा. हवा कमी असताना जोरात ब्रेक मारला की टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह बुडातून फाटतो. सैल असेल तर व्हॉल्व्ह फक्त तिरका होतो, आणि तो तिरका दिसला की तुम्हाला वेळेत कळतं.

ट्यूबलेस टायर ट्यूब घालून वापरता येतो, ट्यूबवाला टायर ट्यूबशिवाय नाही. साइडवॉलवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण तुम्ही स्वतः तपासा. रंगीत ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ यावा.

बसवल्यावर काही बिनसलं तर

सत्तर-ऐंशीला सीटखाली थरथर जाणवली तर आधी टायर रिमवर सारखा बसलाय का बघा. रिमच्या लगत साइडवॉलवर एक बारीक उठावाची रेघ असते. रिमपासून तिचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एका ठिकाणी ती आत बुडाली असेल तर हवा सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा भरायची. टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या पुढे मात्र जायचं नाही. ते ठीक असेल तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं. आऱ्यांच्या चाकाचंही होतं.

गाडी नव्वदीला मागून वळवळत असेल तर लगेच टायरला दोष देऊ नका. पहिली हवा, मग सामान. मागच्या एक्सलच्या बऱ्याच मागे लटकणारा जड टॉप बॉक्स एकटाच ही खोड लावू शकतो. त्यानंतर चाक सरळ बसलंय का: स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवा. मग पुढचा टायर आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). मागचा टायर आधी संपतो म्हणून तो एकटाच बदलला जातो, आणि पुढचा झिजून वेडावाकडा झालाय हे नव्या मागच्यामुळे उघडं पडतं.

चेन घरघरायला लागली तर बहुधा चाक परत बसवताना ती जास्त ताणली गेली. माणूस बसल्यावर किती ढिली राहते तेही बघा. आणि गॅरेजमधून निघण्याआधी मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबा. चाक काढताना पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिल्या दाबात ब्रेक लागत नाही.

हवेबद्दल एकच गोष्ट, पण रोजची. साइडवॉलवर लिहिलेला पीएसआय (हवेच्या दाबाचा आकडा) हा कमाल भारासाठीचा असतो. तुमचा आकडा गाडीच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा. तो थंड टायरचा आहे. वीस किलोमीटर चालवून पंपावर मोजाल तर हवा तीन-चार जास्त दिसेल, ती काढू नका. हवा सतत कमी राहिली तर कडा झिजतात, सतत जास्त राहिली तर मधला पट्टा.

नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर जोरात झुकवणं आणि जोरात ब्रेक टाळायचा. मी नवा टायर बसवला की कराड ते कोयनानगर आणि परत असा फेरा मारतो, सव्वाशेच्या आसपास होतो, एकट्याने आणि बॅगांशिवाय. घरी येऊन व्हॉल्व्ह सरळ आहे का बघतो आणि साइडवॉलवर कुठे चमक आली आहे का म्हणून हात फिरवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरची हवा मोजून, ओडोमीटरचा आकडा आणि टायरवरचे चार आकडे डायरीत लिहिले की मग बॅगा चढतात.