लेचर काउंटीतलं घराणं कसं शोधावं: आडनावाआधी ओढा धरा

माझ्या सुनेचं माहेर अमेरिकेत, केंटकी राज्याच्या पूर्व टोकाला डोंगरात वसलेल्या लेचर काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात) आहे. नातीसाठी वंशावळ लिहायला घेतली तेव्हा तिच्या आईची बाजू पणजोबांपाशीच अडली. ती पुढे नेताना जी रीत हाताला लागली, ती सांगतो. अ‍ॅपलाचियन डोंगरातल्या दुसऱ्या खेडवळ काउंटीतही ती थोड्याफार फरकाने चालते.

सुरुवात घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून करा. तिथे आजीला ‘मॅमॉ’ आणि आजोबांना ‘पापॉ’ म्हणतात. विहीणबाईंना मी आधी नावं विचारत होतो आणि गोंधळत होतो. कॉडिल, अ‍ॅडम्स, वेब, कॉलिन्स, क्राफ्ट ही आडनावं खोरंभर पसरलेली, त्यात आजोबाचंच नाव नातवाला. एकाच वयाचे तीन-चार जॉन सहज निघतात. मग विहीणबाईंनीच सांगितलं, ‘नाव राहू द्या, राहायचे कुठे ते विचारा.’ दोन डोंगरांमधल्या अरुंद घळीला तिथे ‘होलर’ म्हणतात आणि माणूस ओळखला जातो तो होलरवरून, ओढ्यावरून: रॉकहाउसचा जॉन, कोवनचा जॉन. म्हणून प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: कुठला ओढा, बापाचं नाव, आणि पुरलं कुठे. रॉकहाउस, कॉली, कोवन, लाइन फोर्क, किंगडम कम हे ओढे कागदावर स्वतःच्या हाताने काढा. केंटकी, कंबरलँड आणि बिग सँडी या तिन्ही नद्यांची उगमाकडची पाणी याच काउंटीत आहेत, त्यामुळे डोंगराची धार ओलांडली की सोयरीकही बदलते.

पुढची पायरी काउंटीच्या जन्माची. लेचर 1842 मध्ये पेरी आणि हार्लन काउंट्यांमधून काढली. म्हणजे 1840च्या जनगणनेत पूर्वज लेचरमध्ये सापडणारच नाही. घर तेच, जमीन तीच, पण कागद पेरीत किंवा हार्लनमध्ये. त्याही आधी फ्लॉइड, क्ले, नॉक्स या काउंट्यांत. उलट 1884 मध्ये लेचरचाही एक तुकडा नव्या नॉट काउंटीत गेला. ‘रेकॉर्डच नाही’ म्हणून हात टेकणारे बहुतेक जण चुकीच्या कचेरीत शोधत असतात. हार्लनचं कोर्टहाउस मात्र यादवी युद्धात 1863 साली खरंच जाळलं गेलं.

आता जनगणना. ती नेहमी नव्याकडून जुन्याकडे वाचावी. 1950ची यादी 2022 मध्ये खुली झाली, तिथून मागे या. 1900च्या यादीत जन्माचा महिना आणि वर्ष आहे, शिवाय आईला किती मुलं झाली आणि किती हयात, हेही आहे. 1890ची बहुतेक सगळी 1921च्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाली. घरातल्या माणसाचं कुटुंबप्रमुखाशी नातं 1880पासून लिहिलेलं मिळतं आणि सर्व स्वतंत्र माणसांची नावं 1850पासून. गुलामगिरीत असलेल्या माणसांची 1850 आणि 1860च्या वेगळ्या याद्यांत नोंद आहे, पण जवळजवळ सगळीकडे नावाशिवाय, मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढंच. कृष्णवर्णीय घराण्यांचा माग म्हणून 1870 पाशी थांबल्यासारखा वाटतो. तिथून मालकाची मृत्युपत्रं आणि करयाद्या वाचाव्या लागतात. जनगणनेच्या पानांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. शोधताना कॉडिलचं कॉडल, कॉर्डिल असं सगळं करून पाहा, कारण गणना करणारा ऐकू येईल तसं लिहायचा. सापडलेल्या घराच्या वरची-खालची दहा घरंही उतरवून घ्या, बायकोचं माहेर बहुधा त्यांतच असतं.

जन्म-मृत्यूची राज्यभर नियमित नोंद केंटकीत 1911पासून आहे. मृत्यूच्या दाखल्यावर आईबापांची नावं असतात, पण ती कुणी सांगितली तो रकाना आधी पाहा. मुलीने सांगितलं असेल तर भरवसा ठेवावा, जावयाने सांगितलं असेल तर पडताळावं. इथल्या ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे चर्चच्या वहीत जन्म शोधू नका. त्यांच्या वार्षिक सभांच्या छापील वृत्तांतांत दिवंगतांवरचे लेख असतात, ते शोधा.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला खरेदीखतांत, आणि सगळ्यात जास्त मिळालंही तिथेच. व्हाइट्सबर्ग या मुख्य ठिकाणी काउंटी क्लार्कच्या कचेरीत ती वह्यांत बांधलेली आहेत. बाप मृत्युपत्र न करता गेला की मुलांना आपापला हिस्सा विकताना सह्या कराव्या लागत. अशा एका खतात सासरच्या आडनावांसह पाच बहिणी आणि त्यांचे नवरे एका पानावर मिळाले. तीन जणांच्या नावापुढे सहीऐवजी फुली होती. जमिनीची हद्द म्हणजे ‘ओढ्याच्या मुखाशी असलेल्या बीचच्या झाडापासून धारेपर्यंत’. हे वर्णन तुमच्या ओढ्यांच्या नकाशावर ठेवलं की कुठला जॉन ते आपोआप ठरतं. कोळशाची खरेदी सुरू झाल्यावर तर वरची जमीन शेतकऱ्याकडे आणि खालचं खनिज कंपनीकडे अशी खतं झाली. एका पिढीने फुली मारली आणि पुढच्या पिढ्यांच्या शेतात यंत्रं आली. खनिज काढायला कंपनीला वरची जमीनही वापरू देणारी ही ‘ब्रॉड फॉर्म’ खतं वाचताना मन जड होतं, पण वारसांची नावं त्यांत नीट असतात.

कुटुंब 1911 नंतर अचानक उगवलेलं दिसलं तर जेंकिन्स आणि मॅक्रॉबर्ट्स या खाण-वसाहती पाहा. तिथे इटली, हंगेरीहून आणि दक्षिणेकडच्या राज्यांतून माणसं आली. पहिल्या महायुद्धाच्या लष्करी नोंदणीपत्रांवर जन्मतारीख आणि मालक कंपनी दोन्ही सापडतात.

रोजचं जगणं हवं असेल तर ‘माउंटन ईगल’ हे व्हाइट्सबर्गचं 1907 पासूनचं साप्ताहिक वाचा. कुणाकडे कोण पाहुणे आले, कोण आजारी, असल्या खेड्यांतल्या बातम्यांतून नाती उलगडतात. घरातली जुनी छायाचित्रं आजच स्कॅन करा. जुलै 2022च्या पुरात व्हाइट्सबर्गच्या अ‍ॅपलशॉप संस्थेचा फिती आणि छायाचित्रांचा संग्रहच पाण्यात गेला होता.

‘आमची पणजी चेरोकी होती’, म्हणजे त्या मूळ अमेरिकन जमातीची होती, हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकाल. म्हाताऱ्यांना खोडून काढू नका. कुणी सांगितलं ते लिहा आणि पुरावा मिळेपर्यंत वंशावळीत घालू नका.

शेवटी स्मशानभूमी. त्या गावाबाहेर नसतात, डोंगराच्या सोंडेवर घराण्याच्या खाजगी असतात. मालकाला विचारून पानगळीनंतर किंवा पालवीआधी जा, तेव्हा झुडपंही विरळ असतात आणि सापही बाहेर नसतात. दगड तारेच्या ब्रशने घासू नका, आरशाने तिरका उजेड पाडून फोटो घ्या. कोरलेल्या दगडांच्या शेजारी नुसते खडबडीत धोंडे उभे असतात, तीही थडगीच, ती मोजा. शक्य झालं तर मेच्या अखेरीस डेकोरेशनच्या दिवशी पोहोचा. कुटुंबं त्या दिवशी थडगी साफ करून फुलं ठेवतात आणि तिथेच जेवतात. वंशावळ मोठ्या अक्षरात छापून जेवणाच्या मेजावर पसरा, शेजारी पेन्सिल ठेवा, आणि दुरुस्त झालेली प्रत परतताना व्हाइट्सबर्गच्या वाचनालयात देऊन या.