परकी गुंतवणुकीची बातमी वाचताना आधी काय पाहावं

भोसरीत माझं छोटं प्रेसशॉप आहे, म्हणजे प्रेसवर पत्रा दाबून सुटे भाग बनवायचा कारखाना. चाकण-तळेगावला बनणाऱ्या गाड्यांसाठी आम्ही ब्रॅकेट मारतो. ‘इतक्या हजार कोटींची परकी गुंतवणूक येणार’ असं पेपरात आलं की मी ती बातमी पुढच्या क्रमानं तपासतो.

‘सामंजस्य करार’ असा शब्द असेल तर आकडा तूर्त बाजूला ठेवा. तो इरादा आहे. जमीन ताब्यात आली, पाया खणला गेला, की मग मोजायला घ्या.

नवा कारखाना आहे की जुन्याची खरेदी, हे बघा. तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना २००८ला सुरू झाला आणि २०२०च्या डिसेंबरात तिथलं गाड्यांचं उत्पादन थांबलं. २०२३मध्ये ह्युंदाईनं तो घ्यायचा करार केला. नुसती मालकी बदलल्यानं एक नटसुद्धा जास्त तयार होत नाही. त्यानंतर मशिनरीत किती पैसा पडतो, त्यावर वाढ ठरते.

आलेल्या पैशाबरोबर गेलेलाही पाहा. पहिल्या हंगामी आकड्यांनुसार २०२४-२५मध्ये देशात सुमारे ८१ अब्ज डॉलर आले. परदेशी गुंतवणूकदारांनी परत नेलेले ५१ अब्जांहून जास्त आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर गुंतवलेले २९ अब्ज वजा केले, तर निव्वळ अर्धा अब्जही उरला नाही. रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमध्ये हे आकडे मिळतात.

आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट: सुटे भाग कुठून येणार? १९८३च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा बहुतेक भाग जपानचे होते. टप्प्याटप्प्यानं ते इथे बनवायचे, अशी सरकारची अट होती. त्यातून गुडगावभोवती पुरवठादार उभे राहिले आणि त्यांच्याकडे जपानी कामाची शिस्त आली.

मी हे स्वतः अनुभवलंय. एका परदेशी कंपनीचा माणूस तीन दिवस आमच्या प्रेसपाशी उभा होता. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला आम्हाला अडीच तास लागायचे. त्यानं बोल्ट, ट्रॉली, माणसांच्या जागा, सगळं बदलायला लावलं आणि वेळ चाळीस मिनिटांवर आला. पुढे त्या कंपनीची ऑर्डर दुसरीकडे गेली. चाळीस मिनिटं मात्र आजही चाळीसच आहेत, आणि त्याचा फायदा माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला होतो.

बाहेरून आलेल्या पेट्या फोडून नुसती जोडणी होणार असेल, तर पगार आणि भाड्यापलीकडे परिसराला फारसं मिळत नाही. म्हणून तुमच्याकडे कारखाना येत असेल तर कंपनीच्या खरेदी विभागाला विचारा: पहिल्या वर्षी किती भाग इथले, पाचव्या वर्षी किती, आणि शिकवायला माणूस पाठवणार का?