विद्युतप्रवाहाने नॅनोतारेतील डोमेन भिंत कशी सरकवावी

चुंबकीय तारेत एकाच दिशेने चुंबकित झालेल्या भागाला डोमेन म्हणतात आणि विरुद्ध दिशांच्या दोन डोमेनमधल्या अरुंद संक्रमणपट्ट्याला डोमेन भिंत. तारेतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा स्पिन, म्हणजे त्यांना लहानशा चुंबकासारखे वागवणारा अंगभूत गुण, हा पट्टा ओलांडताना वळतो आणि त्याची प्रतिक्रिया भिंतीला ढकलते.

सुरुवातीला परमॅलॉय, म्हणजे सुमारे 80 टक्के निकेल आणि 20 टक्के लोह असलेला मिश्रधातू घ्यावा. इलेक्ट्रॉन शलाकेच्या लिथोग्राफीने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने नक्षी कोरण्याच्या तंत्राने, साधारण 240 नॅनोमीटर रुंद व 10 नॅनोमीटर जाड तार काढावी, आणि तिच्या एका टोकाला त्याच धातूची रुंद, भरीव चौकट जोडावी. तारेच्या कडा खडबडीत राहिल्या, तर भिंत तिथेच अडकते.

आता बाह्य चुंबकीय क्षेत्राने संपूर्ण तार एका दिशेने चुंबकित करून क्षेत्र उलट दिशेने हळूहळू वाढवावे. रुंद चौकट तारेपेक्षा आधी उलटते आणि भिंत तारेत शिरते. तसे होताच क्षेत्र शून्यावर आणावे. चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे पृष्ठभागावरून चुंबकीय सुई फिरवून चुंबकत्व टिपणाऱ्या उपकरणाने, भिंतीची जागा नोंदवावी, मात्र सुईचे चुंबकत्व कमी असावे, अन्यथा पाहण्याच्या नादात सुईच भिंत हलवते.

परमॅलॉयमध्ये भिंत हलवायला दर चौरस मीटरला सुमारे 10¹² अँपिअर इतकी प्रवाह घनता लागते. आकडा भयावह वाटतो, पण वरील तारेचा छेद इतका लहान आहे की प्रत्यक्ष प्रवाह 2.4 मिलिअँपिअरच भरतो. तो सतत सोडल्यास तार तापून वितळू शकते, म्हणून प्रवाहाचे क्षणभराचे छोटे स्पंद द्यावेत, कमी प्रवाहापासून सुरुवात करावी आणि स्पंद चालू असताना तारेचा रोध मोजून तापमानाचा अंदाज घ्यावा.

भिंत हलली एवढ्यावर समाधान मानू नये, कारण उष्णतेनेही ती सुटू शकते. प्रवाहाची दिशा उलटवल्यावर भिंत मागे आली पाहिजे. परमॅलॉयमध्ये ती इलेक्ट्रॉनांच्या दिशेने, म्हणजे रूढ प्रवाहाच्या (धनाकडून ऋणाकडे मानलेल्या) विरुद्ध जाते. याहून खात्रीची कसोटी अशी: चुंबकन समोरासमोर येऊन भिडणारी एक भिंत आणि पाठमोरे दूर जाणारी दुसरी, अशा दोन्ही प्रकारांवर तोच स्पंद द्यावा. बाह्य चुंबकीय क्षेत्र या दोघींना विरुद्ध दिशांना ढकलते, प्रवाह मात्र दोघींना एकाच दिशेने नेतो.

प्लॅटिनमवर कोबाल्टचा अतिपातळ थर असलेल्या तारेत हाच प्रयोग केल्यास भिंत बहुधा रूढ प्रवाहाच्या दिशेने जाते, कारण तिथे मुख्य धक्का प्लॅटिनममधून येणाऱ्या स्पिनप्रवाहाचा, म्हणजे एकाच दिशेच्या स्पिनांच्या ओघाचा असतो. त्यामुळे परमॅलॉयवरून बांधलेली दिशेची अपेक्षा तिथे लावू नये.