लॉनवर चट्टे पडलेत? फवारण्याआधी पहाटे जाऊन बघा

लॉनवर वाळका गोल चट्टा दिसला की एक हात बुरशीनाशकाच्या बाटलीकडे जातो आणि दुसरा युरियाच्या पोत्याकडे. मीही एकदा पिवळट कोपऱ्याला ‘उपाशी दिसतंय’ म्हणून युरिया घातला होता. चार-पाच दिवसांत ताटलीएवढा चट्टा परातीएवढा झाला. तो ब्राउन पॅच होता, आणि जादा नत्राने आलेली लुसलुशीत पाती या बुरशीला फार मानवतात. म्हणून आधी रोग ओळखा.

पहिलं काम: दव असताना पाहणी. ऊन चढल्यावर गेलात तर फक्त वाळलेलं गवत दिसेल. दव असताना चट्ट्याच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले, तर ती जिवंत बुरशी. पान सुकलं की हे धागे विरून जातात.

दुसरं: सोंगं ओळखा. सगळेच चट्टे बुरशीचे नसतात. मेलेल्या गवताभोवती गर्द हिरवी कड असेल तर बहुधा कुत्र्याचं मूत्र. मूठभर गवत ओढल्यावर ते चटईसारखं उचललं गेलं, तर खाली हुमणीने (मातीतल्या पांढऱ्या अळीने) मुळं खाल्लेली असतात. सगळ्या लॉनचे शेंडे फाटके, पांढरट दिसत असतील तर मशिनचं पातं बोथट झालंय.

तिसरं: कडेचं पातं तोडून वाचा. चट्ट्याच्या मधलं गवत मेलेलं असतं, त्यातून काही कळत नाही. अर्धं हिरवं, अर्धं आजारी असं पातं घ्या.

डॉलर स्पॉटचे चट्टे लहान, साधारण 5 सेंटिमीटरचे. पात्यावर डमरूसारखा, मध्ये आवळलेला गवती रंगाचा डाग आणि त्याला लालसर तपकिरी कड. हा खरोखरच उपाशी गवताचा रोग. इथे थोडं नत्र दिलं की लॉन सावरतं. ब्राउन पॅचचे चट्टे मात्र मोठे, कधी मीटरभरही. रात्रीही उकाडा आणि दमटपणा असला की तो उसळतो, आणि आखूड कापलेल्या गवतावर पहाटे चट्ट्याभोवती धुरकट काळसर कडं दिसतं. इथे नत्र बंद. चालताना बुटांना नारिंगी पूड लागली तर तांबेरा. तो वाढ खुंटलेल्या गवतावर येतो. थोडं खत आणि नियमित कापणी सहसा पुरते.

पिथियम सगळ्यांत घाईचा. गवत तेलकट, चिकट, चापून बसल्यासारखं दिसतं आणि पट्टे पाणी वाहतं त्या दिशेने जातात. तिथे चालू नका, ओलं असताना कापू तर मुळीच नका. बूट आणि चाकांबरोबर रोग सगळीकडे जातो.

चौथं: पाण्याची वेळ बदला. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. बुरशीला पात्यावर सलग ओल हवी असते. संध्याकाळी पाणी दिलं की ती ओल रात्रीच्या दवाला जोडली जाते आणि पातं रात्रभर भिजलेलं राहतं. पहाटे दिलं तर पातं दवाने आधीच ओलं असतं, ओलीचे तास वाढत नाहीत आणि ऊन आलं की सगळं सुकतं. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, पण 10 ते 15 सेंटिमीटर माती भिजेल इतकं द्या. खोली बघायला लांब स्क्रूड्रायव्हर खुपसा. ओल्या मातीत तो सहज जातो.

कापताना पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग उडवू नका. बुडाशी मेलेल्या काड्या-मुळांचा थर सव्वा सेंटिमीटरच्या वर गेला असेल, तर गवत जोमात असताना रेक लावून तो काढा.

बुरशीनाशक शेवटी. फवारल्याने मेलेलं पातं हिरवं होत नाही. नवं पातं वाचतं. अॅझॉक्सिस्ट्रोबिन आणि प्रोपिकोनॅझोल वेगवेगळ्या गटांतली आहेत, आलटून पालटून वापरा; एकच औषध सतत मारलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. पिथियम मुळात खरी बुरशीच नाही, त्यामुळे प्रोपिकोनॅझोल तिथे वाया जातं. त्याला मेटॅलॅक्सिलसारखं औषध लागतं. मात्रा लेबलवरचीच, आणि ते औषध लॉनसाठी आहे ना, हेही तिथेच बघा. (पावसात उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्यांवर मात्र औषध उडवू नका. उपटून टाका, झालं.)

रोग थांबल्यावर चट्ट्यातली एक काडी बुडापासून उपटून बघा. बुडखा पांढरा आणि टणक असेल तर फूट येईल, वाट बघा. मऊ आणि तपकिरी असेल तर तेवढा तुकडा खरवडून काढा आणि नवं गवत लावा.